दोन शॉकअप, तीन कॅन

धुऊन-पुसून एखादी वस्तू बिघडू शकते, हे मंजुळाबाईला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर तिच्या हातात आलेली हरेक वस्तू धुतल्यावर सुधारलीच होती. भांडी, गोधड्या, दुधाचे कॅन, आणि एकदा पोळ्याच्या दिवशी पिऊन पडलेला नवरासुद्धा. त्यामुळं त्या दुपारी अंगणात बारदानावर पसरलेलं ते काळं, तेलकट, बारीकसारीक लोखंड बघून तिचे हात आपोआप डिझेलच्या घमेल्याकडं गेले, यात तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

पण ते पुढं. आधी कॅनचं सांगायला हवं, कारण लोखंडाशी तिचा संबंध आला तो कॅनमुळं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात बोरदऱ्यात माणसं गावात आणि जनावरं छावणीत, अशी वाटणी झाली होती. नेकनूरच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावाची विहीर दिवाळीलाच आटली होती. गावठाणातल्या हापशाच्या दांड्याला पोरं लोंबकळत, तेवढाच त्याचा उपयोग उरला होता. माळावरच्या चारा छावणीत हिरव्या जाळीखाली दावणी होत्या. बाया पहाटे तिथं जाऊन धारा काढत, आणि पत्र्याच्या आडोशाला मंजुळाबाई महिला दूध संस्थेचं फॅटचं, म्हणजे दुधाचा कस मोजायचं मशीन घेऊन बसलेली असे.

हे काम तिच्याकडं हुशारीमुळं आलं नव्हतं. ती चौथी शिकलेली. संस्था निघाली तेव्हा गावातल्या पाचही वस्त्यांना फॅट लावायला आपलीच बाई हवी होती आणि दुसऱ्या वस्तीची तर अजिबात नको होती. मंजुळाबाईची भावकी म्हणजे ती, नवरा त्रिंबक आणि दीर आसाराम, एवढीच. इतक्या लहान भावकीची बाई खोटं बोलून बोलून कुणाच्या फायद्याचं बोलणार, असा विचार करून चेअरमन विमलबाईंनी तिचं नाव सुचवलं. विमलबाईंचं घर गावातलं मोठं. भरपूर जमीन, दारात दोन गाड्या, दीर पंचायत समितीत. त्यांनी सुचवलं म्हणजे ठरलं.

बाकीचा सगळा अविश्वास कॅनमध्ये भरलेला होता. प्रत्येक वस्तीचा कॅन वेगळा, कॅनच्या गळ्याला ओळखीची रंगीत चिंधी. आपलं चांगलं दूध दुसरीच्या दुधात मिसळलं आणि तिचं खराब निघालं तर? म्हणून पाऊसपाण्याच्या दिवसांत पाच वस्त्यांचे पाच कॅन तोंडापर्यंत भरून जात. त्या उन्हाळ्यात जनावरं आटली, दूध निम्म्याच्या जवळ आलं, पण कॅन पाचच राहिले. अर्धेमुर्धे भरून रोज सकाळी पिकअपमध्ये चढायचे.

पिकअप त्रिंबकची. त्यानं आणि मंजुळाबाईनं वीस हंगाम ऊस तोडला होता. मुकादमाच्या बोलीत नवराबायको मिळून एक कोयता; तसे ते वीस वर्षं एक कोयता होते. त्रिंबकची पाठ धरायला लागल्यावर त्यानं ही वापरलेली पिकअप घेतली. छावणीपासून हायवेवरच्या शीतकरण केंद्रापर्यंत सव्वीस किलोमीटर. रस्ता आधीच उखडलेला, त्यात त्या वर्षी पाण्याचे टँकर ये-जा करून त्याची पार खडी झालेली. पिकअपचे पुढचे शॉकअप, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसलेले तेलाचे नळे, केव्हाच मेले होते. गाडी खड्ड्यात गेली की पुढं त्रिंबकचे दात वाजत आणि मागं कॅन नाचत.

मे महिन्यात पहिल्यांदा दूध परत आलं. छावणीत मंजुळाबाईच्या मशीनवर चार पॉइंट एक लागलेली फॅट केंद्रावर तीन पॉइंट तीन लागली. साडेतीनच्या खाली तिथं दूध घेत नाहीत. आठवड्यानं पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी केंद्रावरच्या साहेबानं त्रिंबकला न चिडता सांगितलं, "अजून एकदा असं झालं तर तुमच्या गावचं संकलन बंद करावं लागेल. पाणी घालणारी बाई शोधा."

संकलन बंद म्हणजे काय, हे बोरदऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. त्या वर्षी रानात काहीच उभं नव्हतं. घरात येणारी एकच गोष्ट होती, ती सकाळची धार. आणि मंजुळाबाईपुरतं सांगायचं तर संकलन बंद म्हणजे पिकअप बंद, आणि पिकअप बंद म्हणजे दसऱ्याला पुन्हा कोयता. तो कोयता तिनं आढ्याला खोचून ठेवला होता. टाकून दिला नव्हता. पण पुन्हा हातात धरायचा नाही, हे तिनं मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं.

"पानी घातलंय म्हनं," शेजारची वत्सलाबाई छावणीत म्हणाली. "प्यायला पानी न्हाई, दुधात कुठून घालावं? एका हंड्यासाठी टँकरम्होरं डोस्की फुटायलीत."

"ज्येच्याकडं बोअर हाय त्येनं घातलं आसंल," ओढ्याच्या वस्तीवरची छबुबाई म्हणाली, विमलबाईंकडं मुद्दाम न बघता.

"आन् मशीन कुनाच्या हातात हाय?" मागून कुणीतरी म्हणालं. मंजुळाबाईनं मान वर केली नाही. पण त्या सकाळी कुणीच तिच्याशी आकड्याशिवाय दुसरं काही बोललं नाही.

घरी येऊन तिनं परत आलेल्या कॅनचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या कडेला पिवळसर कण चिकटले होते. तिनं बोटावर घेऊन चोळले. तूपकट. जिभेला लावले. लोणी.

"अवो," ती त्रिंबकला म्हणाली, "तुमच्या गाडीनं ताक केलंय."

त्रिंबकनं कॅनमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मी वरीसभर सांगायलाव, शॉकअप बदलू, शॉकअप बदलू! आता पटलं का?"

त्याचा उजळलेला चेहरा बघून मंजुळाबाईलाच शंका आली. गाडीखाली शिरायला कारण मिळालं की हा माणूस असाच उजळतो. ती विमलबाईंकडं गेली. त्यांनी फोन कानाला लावून तिचं ऐकलं आणि फोन बाजूला न करताच विचारलं, "दही न लावता लोणी निघतंय व्हय गं?"

मंजुळाबाईच्या आईनं, सासूनं, तिनं स्वतः आजवर लोणी काढलं ते विरजणाचंच. कच्च्या दुधाचं लोणी तिनं पाहिलं नव्हतं. मग झाकणाला होतं ते काय होतं? की तिला वाटलं म्हणून लोणी? त्या क्षणापासून तिच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो पुढं वाढतच गेला.

बुधवारी त्रिंबक बीडच्या भंगार बाजारातून पोत्यात काहीतरी घेऊन आला. पोतं अंगणात आपटलं तेव्हा कोंबड्या उडाल्या.

"शॉकअप," तो म्हणाला. "स्प्रिंगीसकट जोडी हाय. आक्सिडेंटच्या गाडीचे."

"मेलेल्या गाडीचे?"

"गाडी मेली. हे जित्ते हायत."

"ह्यो तर गळायलाय," मंजुळाबाई एका नळ्यावरून ओघळलेल्या काळ्या तेलाकडं बोट दाखवत म्हणाली.

"म्हनून तर उघडायचे. सील बदलायचं, तेल बदलायचं. घरच्या घरी. उद्या सकाळी गाडीला लागले पायजेत."

मदतीला दीर आसाराम आला. आसाराम दोन वर्षं चाकणला एका कारखान्यात होता. तिथं तो खोकी चिकटवायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते त्याच्यासमोर बोलायचं नसे. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून तो लिंबाच्या खोडाला टेकवून ठेवला. व्हिडिओतला माणूस असेच शॉकअप खोलत होता आणि अखंड बोलत होता.

"काय म्हनायलाय?" त्रिंबकनं विचारलं.

"तेलगू हाय," आसाराम म्हणाला.

"आरं, मधीच इंग्रजी बोलतंय की बे."

"तेलगूत इंग्रजी आसतंय."

पहिलं काम स्प्रिंग काढायचं. ती दाबलेली असते. दोन्ही बाजूंना लांब आट्याचे बोल्ट लावून, ते कसत नेऊन तिला आणखी दाबायचं आणि मग वरचा नट सोडायचा, एवढं व्हिडिओत बघून कळलं. "चाकणला ह्येला मशीन आसतंय," असं आसाराम तीनदा म्हणाला. पहिली स्प्रिंग शहाण्यासारखी निघाली. दुसरीचा एक बोल्ट सटकला, खण्णकन आवाज झाला आणि स्प्रिंग अंगणातून नाहीशी झाली. ती वत्सलाबाईच्या पत्र्यावर पडली होती.

"मंजुळे!" पलीकडून वत्सलाबाईचा आवाज आला. "तुज्या घरचं काय आलंय आमच्या डोक्यावर?"

"स्प्रिंग हाय, वत्सलाबाई! लागलं का?"

"मला न्हाई लागलं. भाकर हुती तव्यावर, तिला लागलं!"

स्प्रिंग परत आली. दोघा भावांनी नळ्यांच्या तोंडाची टोपी काढली, आतून दांडा ओढून काढला. दांड्याच्या टोकाला पिस्टन आणि पिस्टनच्या दोन्ही अंगांना कागदासारख्या पातळ लोखंडी चकत्या, एकीवर एक. त्रिंबकनं डाव्या शॉकअपचं सामान बारदानाच्या डाव्या अंगाला आणि उजव्याचं उजव्या अंगाला, निघालं त्याच क्रमानं मांडलं. हा हिशेब त्यानं मनातच ठेवला. कुणाला सांगितलं नाही. मग सील आणायला दोघं मोटरसायकलवरून नेकनूरला निघाले, आणि निघता निघता तो मंजुळाबाईला म्हणाला, "येवढं पुसून ठिव."

एवढंच म्हणाला. पुढं कित्येक दिवस या वाक्यावरून घरात वाद झाला, पण तो एवढंच म्हणाला होता.

मंजुळाबाई वीस वर्षं दर पंधरा-वीस दिवसांनी मुक्काम हलवत आली होती. एका फडातला ऊस संपला की पहाटे ट्रॅक्टर येणार, त्याच्या आत अख्खा संसार एका बारदानात बसवायचा. त्यासाठी रीत एकच: सारख्याला सारखं. पातेल्यात पातेलं, वाटीत वाटी, झाकणावर झाकण. मोठं खाली, लहान वर. आणि हरवण्यासारखं बारीक असेल ते सुतळीत ओवून गाठ मारायची. त्या रीतीनं तिचा एक चमचा वीस वर्षांत हरवला नव्हता. तिनं डिझेलमध्ये सगळं लोखंड लख्ख धुतलं, पुसलं आणि त्याच रीतीनं लावलं. नळ्याशेजारी नळा. नटांचा ढीग. आणि दोन्हीकडच्या मिळून सगळ्या चकत्या, मोठीपासून लहानीपर्यंत, एका सुतळीत.

परत आलेला त्रिंबक मोटरसायकलवरून उतरला आणि उभाच राहिला.

"ह्यो हार कुनी केला?"

"मी. कावून?"

"डावं कोंचं? उजवं कोंचं?"

"वाटीला डावं-उजवं आसतंय का?"

"वैनी," आसाराम म्हणाला, "चाकणला आसं केलं तर नोकरी जाती."

"तुमची कशानं गेली, भावजी?"

आसाराम मोबाइलकडं वळला. त्रिंबकनं सुतळी सोडून चकत्या मोजल्या. तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीस. जोडीला तेवीस कशा होतील? मग एकात बारा आणि एकात अकरा होत्या का? की मुळात चोवीस होत्या आणि एक हरवली? तिघांनी बारदान झटकलं, घमेल्यातलं डिझेल गाळलं. आसारामनं कोंबड्यांकडं संशयानं पाहिलं. मंजुळाबाईला आठवेना. तिनं आधी मोजल्याच नव्हत्या. भांडी घासण्याआधी कोण मोजतं?

"पिस्टनच्या एका अंगाला सात आन् दुसऱ्या अंगाला चार," आसारामनं व्हिडिओ थांबवून, बोटांनी चित्र मोठं करून सांगितलं. "म्हंजी अकरा. अकरा आन् अकरा बावीस."

"मंग तेविसावी?"

"ती फालतू आसंल."

"फालतू चकती कोन घालील बे शॉकअपात?"

फालतू चकती मंजुळाबाईनं उचलून कमरेच्या बटव्यात टाकली. निदान ती तरी हरवायला नको.

खरा घोळ पुढंच होता. सात वरच्या अंगाला की चार? त्रिंबक म्हणाला सात खाली. आसाराम म्हणाला, बोलणारा माणूस "अप" म्हणालाय, म्हणजे सात वर. त्रिंबक म्हणाला, तो शॉकअपमधला अप असेल. शेवटी थोरला म्हणून त्रिंबकचं चाललं. पहिला शॉकअप सात खाली धरून जोडला, नवं तेल भरलं, सील ठोकून टोपी कसली. दोघांनी दांडा आत-बाहेर करून पाहिला.

"झ्याक," त्रिंबक म्हणाला.

"उलटा हाय," आसाराम म्हणाला.

"वैनीला इचार."

हे त्रिंबकनं चेष्टेनं म्हटलं होतं. पण मंजुळाबाई खरंच पुढं झाली. नळा पायाच्या दोन तळव्यांत धरून तिनं दांडा दाबला. जड गेला. ओढला, तर सरकन वर आला. आतून गुडगुड आवाज. पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. हाताला हे ओळखीचं होतं. एका अंगानं जड, एका अंगानं हलकं, हापशागत. हापशाचा वायसर गेला की दांडा दोन्ही अंगांनी हलका लागतो, हे गावातल्या कुठल्याही बाईचा हात सांगेल. म्हणजे वायसरचं काम करणारं काहीतरी यात होतं. पण जड कुठल्या अंगानं लागायला हवं?

ती मोबाइलसमोर जाऊन बसली. "ह्येचा आवाज बंद करा."

"आवाज बंद केल्यावर कळंल कसं?"

"आवाजानं तुमाला काय कळलं?"

आसारामनं आवाज बंद केला. व्हिडिओच्या शेवटी तो माणूस जोडलेला शॉकअप हातात धरून दाखवत होता. मंजुळाबाईनं तेवढाच भाग चार वेळा बघितला. शॉकअपकडं न बघता माणसाकडं.

"दाबताना त्येचं तोंड साधं हाय," ती म्हणाली. "आन् वढताना बघा. दात खायलाय. मानेच्या शिरा बघा."

दोघा भावांनी वाकून बघितलं. त्या माणसाच्या मानेच्या शिरा खरंच वर आल्या होत्या. म्हणजे दाबायला हलका आणि ओढायला जड असायला हवा. त्यांचा बरोबर उलटा होता.

"मी म्हनलंच हुतं," आसाराम म्हणाला.

"तू तेलगू म्हनला हुता," त्रिंबक म्हणाला आणि टोपी पुन्हा सोडायला लागला.

पहिला परत जोडला, दुसरा जोडला. "धा-पंधरा डाव वर-खाली करा," मंजुळाबाईनं सांगितलं, "हापशालाबी आधी हवाच येती." गुडगुड थांबली. दोन्ही दांडे ओढायला जड झाले. पण तिच्या हाताला दुसरा पहिल्यापेक्षा किंचित हलका लागला. तिनं तसं सांगितलं. ऊन उतरत आलं होतं, गाडी जॅकवर उभी होती. "आगं, दोन हात तरी सारके आसत्यात का मानसाचे?" असं म्हणून त्रिंबक गाडीखाली शिरला. दिवस मावळायच्या आत दोन्ही शॉकअप बसले.

मग तिघं कोपरापर्यंत काळे झालेले हात धुवायला बसले. डिझेल, तेल आणि ग्रीस साबणाला ऐकत नाही. माती लावली, राख लावली, परत साबण. नंतर आंघोळी. टँकर संध्याकाळी येणार होता म्हणून कुणी पिंपाकडं बघितलं नाही. टँकर आला नाही.

पहाटे मंजुळाबाईनं पिंपात तांब्या घातला तेव्हा तो तळाला वाजला. कॅन कढत पाण्यानं खळबळून घेतल्याशिवाय दूध भरायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. त्या उन्हात न धुतलेला कॅन म्हणजे दूध गेलंच. असलेलं पाणी तापवून तिनं काटकसरीनं वापरलं. ते तीन कॅनना पुरलं.

छावणीत तीन कॅन उतरलेले बघून बाया एकदमच बोलायला लागल्या.

"आमचा कॅन कुठाय?" छबुबाईनं विचारलं.

"घरी हाय. धुयाला पानी न्हाई पुरलं."

"आन् नवऱ्याचे हात धुयाला पुरलं! काल आख्ख्या गल्लीत साबनाचा वास सुटलता म्हनं."

ते खरंच होतं. मंजुळाबाईनं मशीन पुसायला घेतलं.

"मंग आमचं दूध कशात घालायचं?"

"ह्येच्यात. समद्यांचं तिन्हीत मिळून."

"ह्यांच्या दुधात आमचं?" छबुबाईनं वत्सलाबाईच्या हातातल्या बादलीकडं असं बघितलं की वत्सलाबाईनं बादलीवर पदर घातला.

"कावून? आमच्या गाया का गटाराचं पानी पित्यात?"

"तुमच्या काय पित्यात त्ये तुमाला ठावं. तिसऱ्यांदा माघारी आलं तर कुनाच्या दुधानं आलं, कसं कळंल?"

मंजुळाबाई मशीनमागून उठली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. फडातही ती पुढची मोळी बघून काम करणारी बाई. "न्हाई कळायचं," ती म्हणाली. "मला तर कायच कळंना झालंय. लोनी का पानी, गाडी का कॅन, कायच न्हाई. पन न धुतलेल्या कॅनात म्या दूध घालनार न्हाई. नासलं तर आजच बंद. ज्येला घरी न्यायचंय त्येनं न्या."

कुणी घरी नेलं नाही. घरी नेऊन करायचं काय? वत्सलाबाई पदर सारून पुढं आली. "घे बाई. आजच्या दिस आमची-ह्यांची सोयरीक." तिनं बादली ओतली. मग छबुबाईनं स्वतःची ओतली आणि त्या कॅनच्या गळ्यातल्या पिवळ्या चिंधीशेजारी आपल्या कनवटीला खोचलेली हिरवी चिंधी करकचून बांधली. तिन्ही कॅन तोंडापर्यंत भरले. मशीनवर चार पॉइंट एक लागली.

त्या दिवशी मंजुळाबाई गाडीत बसली. आजवर ती कधी केंद्रावर गेली नव्हती. पण दूध परत यायचंच असेल तर आपल्या डोळ्यांदेखत येऊ दे, असं तिला वाटलं. ती पुढं बसली नाही. मागं, कॅनशेजारी, एका कॅनवर हात ठेवून बसली.

पहिला मोठा खड्डा मारुतीच्या देवळापुढं. तिनं दात आवळले. गाडी खाली बसली, एकदा वर आली आणि गुमान राहिली. दुसरा खड्डा, तसंच. त्रिंबकनं आरशातून मागं बघितलं आणि पोळ्याच्या बैलासारखी मान डोलावली. तिसऱ्या खड्ड्याला उजव्या चाकाकडून 'टक' असा आवाज आला. चौथ्याला पुन्हा. मंजुळाबाईचा हात बटव्याकडं गेला. तेविसावी चकती तिथंच होती. सांगावं का? सांगितलं तर तो इथंच, रस्त्याच्या कडेला, पुन्हा सगळं खोलायला बसेल. न सांगावं, तर पुढच्या वळणावर चाक निघून जाईल की काय? सव्वीस किलोमीटर ती ठरवत राहिली आणि तेवढ्यात केंद्र आलं.

पण वाटेत तिच्या दुसऱ्या हाताला वेगळंच काहीतरी जाणवलं होतं. कॅनच्या पत्र्याला लावलेल्या तळव्याला आतून काहीच लागत नव्हतं. डुचमळ नाही, धक्का नाही. तोंडापर्यंत भरलेल्या कॅनमध्ये दुधाला हलायला जागाच नव्हती. मग गाडी शांत होती म्हणून कॅन शांत होता? की कॅन भरला होता म्हणून? तिनं नीट विचार करायचा प्रयत्न केला. पण उजवं चाक टक करायचं आणि विचार तुटायचा.

साहेबानं झाकण उघडून आत बघितलं, झाकणाची आतली कड बघितली, दूध ढवळलं आणि नमुना काढून मशीनला लावला. मंजुळाबाईला हे मशीन ओळखीचं होतं. आकडा स्थिर होईपर्यंत तो किती हेलपाटे घालतो, तेही ओळखीचं होतं. तीन सात. चार दोन. तीन नऊ. चार पॉइंट शून्य.

"घेतलं," साहेब म्हणाला. मग त्रिंबककडं बघून, "सापडली का बाई?"

"कोन बाई?"

"पाणी घालणारी."

"बाई न्हाई सायेब, शॉकअप हुते."

साहेब आकडा वहीत लिहायला लागला. मंजुळाबाईनं धीर केला. "सायेब, कच्च्या दुधाचं लोनी निघतंय का?"

"निघत असेल," साहेब पुढच्या गाडीकडं वळत म्हणाला. "आम्ही आकडा बघतो."

संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कारण कळलं होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं. त्रिंबक म्हणाला, शॉकअप. आसाराम म्हणाला, चाकणची पद्धत. विमलबाई म्हणाल्या, "मी वरती फोन लावला होता, म्हणून नीट मोजलं त्यांनी." वत्सलाबाईनं मारुतीला नारळ बोलला होता. आणि छबुबाईचं म्हणणं असं, की सगळ्यांचं दूध एकात गेल्यावर पाणी घालणारीची हिंमतच झाली नाही. कोण ते तिला माहीत आहे, पण ती नाव घेणार नाही.

मंजुळाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. यातलं कुठलंही खोटं म्हणायला तिच्याकडं काही नव्हतं. शोध लावायचा तर एक दिवस पुन्हा अर्धे कॅन पाठवून बघायला हवं होतं, किंवा एक दिवस नारळ न फोडता. पण तो एक दिवस चुकला तर? मग तिनं घरातल्या बाईला सुचेल तेच केलं. ज्या दिवशी चांगलं झालं, त्या दिवशीचं काहीच हलवायचं नाही.

टँकर वेळेवर आला तरी ती छावणीत तीनच कॅन न्यायची आणि "पानी न्हाई पुरलं" म्हणून सांगायची. बायाही आठवड्यानं विचारायच्या थांबल्या. दर सोमवारी ती विमलबाईंना फोनची आठवण करून द्यायची. शनिवारी वत्सलाबाईबरोबर मारुतीला जायची. आणि त्रिंबक टकटक ऐकून "येकदा उजवा खोलून बघतो" म्हणाला, की पाना लपवून ठेवायची.

पाऊस उशिरा आणि थोडा आला. दूध परत आलं नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम वस्त्यांवर फिरत बोरदऱ्यात आला आणि सवयीनं त्रिंबकच्याही दारात थांबला.

"यंदा हाय का कोयता?" त्यानं आढ्याकडं बघत विचारलं.

"आढ्याला हाय," मंजुळाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिथंच," आणि तिनं त्याला चहा दिला.

मुकादम गेल्यावर ती फोडणीला बसली. मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि जिऱ्याच्या मधल्या वाटीत ती पातळ चकती ठेवलेली होती. चमचा लागला की बारीक वाजायची. त्या दिवशी त्रिंबक जवळच बसला होता. त्यानं वाकून बघितलं.

"ही कशाची गं?"

मंजुळाबाईनं डब्याचं झाकण लावलं.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली, आणि ते पूर्ण खरं होतं. "पन हात लावू नका तिला."